तडसरे सरांची डावी टाच

“मी त्या माणसाला पाय लावणार न्हाय. लंगडत मरू दे त्याला!”

“जीभ हासडीन तुजी,” आई म्हणाली. हात पिठात होते म्हणून वाचलो. “सर हायती त्ये.”

“माझं न्हाईत. मी शाळा सोडली.”

“तू सोडलीस. त्यांची बायकू आज तासभर दारात बसून गेली. आठ म्हैनं झालं, टाच टेकवंना त्यांची. सकाळचं पयलं पाऊल टाकलं की डोळ्यात पाणी येतंय म्हणं. वीट तापवून, रुईचं पान ठिवून शेकलं, तेल झालं, मेडिकलातल्या गोळ्या झाल्या, मऊ चप्पल झाली. आता तुज्याकडं आल्यात.”

“डॉक्टरकडं जा म्हणावं.”

“दारात आलेल्याला पायाळूनं न्हाय म्हणायचं नसतं. गुण जातूय.”

“जाऊ दे की मग! एकदाचा जाऊ दे!”

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. आमच्या भागात असं पोरगं जन्मलं की त्याचं काम ठरलेलं. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की पायाळूचा पाय लावायचा, दुखणं जातं. सहा वर्षांचा असल्यापासून मी गावाच्या कमरेवर उभा राहत आलोय. पोरं क्रिकेट खेळायची तेव्हा मला हाक यायची, “ए दिग्या, चल, तात्या आडवं झाल्यात.”

त्याचे नियम होते. ओळीनं तीन रविवार. दिवस उगवायच्या आत. त्या वेळी कुणी एक शब्द बोलायचा नाही आणि आलेल्यानं घरी पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बदल्यात सुपारीसुद्धा घ्यायची नाही. आणि शेवटचा नियम आमच्या घरचा. मोठ्या माणसाला पाय लावला, त्याचं पाप लागू नये म्हणून जिथं पाय लावला तिथंच वाकून कपाळ टेकवायचं.

आता सरांचं सांगतो. तडसरे सर आम्हाला नववीला गणित शिकवायचे. त्या दिवशी माझी वही कोरी निघाली. मला वाटलं छडी देतील. छडी चालली असती. ते म्हणाले, “दिगंबर, तू पायाळू ना रे? म्हणजे पाय आधी आले. डोकं मागनं यायचं होतं, ते अजून आलेलं दिसत नाही.”

सत्तावन्न पोरं हसली. पहिल्या बाकावरच्या पोरीसुद्धा. मी कंपासपेटी उचलली आणि फळ्यावर मारली. सरांच्या कानाजवळून गेली ती. मग दप्तर तिथंच टाकून बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर मुबारकभाईंच्या पंक्चरच्या दुकानात बसायला लागलो. त्याला दोन महिने झाले होते आणि आता सरांना माझा पाय पाहिजे होता.

आई भाकरी थापत बडबडत राहिली. मी दारात बसून दगड मारत होतो कुठंतरी. मग माझ्या डोक्यात एक चित्र आलं. तडसरे सर आमच्या अंगणात पोत्यावर पालथे. आणि वर मी.

“बरं,” मी म्हणालो. “या म्हणून सांग त्यांना.”

आईचा हात थांबला. “शाणपणा करायचा न्हाय. हळू दाबायचं.”

“हळूच दाबतो की.”

पहिल्या रविवारी सर आले तेव्हा तांबडं फुटत होतं. बरोबर त्यांच्या बायको, सुलभाकाकू, हातात बॅटरी घेऊन. शाळेत कडक इस्त्रीत असणारा माणूस त्या दिवशी बनियन आणि ढगळ पायजम्यात होता. डावा पाय चवड्यावर टाकत आला. माझ्याकडं बघितलं नाही. आईनं पोत्याकडं हात केला. सर गुडघ्यावर बसले, मग हात टेकले, मग पालथे झाले.

मी डाव्या पायाची टाच त्यांच्या डाव्या टाचेवर ठेवली. तीनदा दाबायचं असतं. पहिल्यांदा आईकडं बघत हळू दाबलं. दुसऱ्यांदा जोरात. तिसऱ्यांदा दुसरा पाय उचलून अख्खं वजन टाकलं आणि टाच फिरवली. मला ते ओरडायला पाहिजे होते. एकदा “आई गं” म्हणाले असते तर नियमही मोडला असता आणि माझं पोटही भरलं असतं.

ते हलले नाहीत. श्वास चालला होता तसाच चालला होता. आठ महिने टाच टेकवता न येणारा माणूस, आणि त्याच टाचेवर मी उभा होतो.

मग वाकलो. काकूंनी बॅटरी खाली धरली होती. टाचेला भेगा होत्या, कडेला शेकून शेकून कातडी तपकिरी झालेली. आणि टाचेच्या आतल्या अंगाला एक काळा ठिपका. मोहरीएवढा. पंक्चरच्या दुकानात दिवसातनं चार टायर बघणाऱ्याला तो काय आहे ते सांगावं लागत नाही. बाभळीचा काटा मोडून आत राहिला की असाच दिसतो.

मी मान वर केली. आईनं ओठावर बोट ठेवलं होतं. सर उठले, मागं न बघता चालायला लागले.

सोमवारी दुकानात मी ट्यूब पाण्यात धरून बसलो होतो.

“भाई, काटा पायात गेलाय आणि माणसाला कळलंच नाही, असं होतं का?”

“प्यायला असेल तर होतं.”

“प्यायलेला नाही. वर मी उभा राहिलो, तरी कळलं नाही. पण टाच दुखते म्हणतो.”

मुबारकभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. “आमच्या मामूंना शुगर होती. बंबातला निखारा पायाखाली आला, तर वास आम्हाला आला, त्यांना नाही. आतनं टाचा जळतात म्हणून रडायचे आणि वरनं सुई टोचली तर पत्ता नसायचा.”

“मग?”

“मग काय? आधी अंगठा गेला. मग पाऊल गेलं. मग मामू गेले.” भाईंनी माझ्याकडं बघितलं. “कोण आहे रे?”

“कोण नाय. असंच.”

“असंच असलं तरी त्याला आजच सांग. उद्या नको.”

त्या दिवशी मी शाळेच्या रस्त्यापर्यंत गेलो होतो. खरं सांगतो. फाटकातनं शिपाई दिसला, पोरांचा आवाज आला आणि मी मागं फिरलो. म्हणलं, भेटतीलच.

भेटले. बुधवारी सरच दुकानात आले, गाडीत हवा भरायला. चहाच्या गाड्यावरची चार माणसं भोवती होती. मी पाईप घेऊन वाकलो. सरांच्या पायात ती मऊ चप्पल होती, टाच त्यात लपलेली.

“सर,” मी म्हणालो, “एक सांगायचं होतं.”

“आधी माझं ऐक.” सर खुशीत होते. “गुण आला बरं का! निम्मं दुखणं गेलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा काल जिना उतरलो.” मग ते त्या माणसांकडं वळले. त्यांचा वर्गातला आवाज लागला. “बघा, आम्ही उगाच याच्या डोक्याच्या मागं लागलो होतो. याचं सगळं भांडवल पायात आहे!”

माणसं हसली. एक जण म्हणाला, “मग काय सर, दक्षिणा म्हणून पास करा त्याला!” परत हसली.

माझे कान तापले. तेच हसू. फक्त माणसं वेगळी.

“काय सांगत होतास?” सरांनी विचारलं.

“काय नाय,” मी म्हणालो. “मागच्या चाकात हवा कमी हाय.”

त्यांनी गाडी चालू केली आणि गेले. मी त्या पाईपच्या नळीला गाठ मारली, सोडली, परत मारली. भाई आतनं बघत होते.

दुसऱ्या रविवारी सर नीट टाच टेकवत आले. काकूंच्या चेहऱ्यावर हसू होतं. आईनं माझ्याकडं बघून भुवई उडवली, बघितलंस का, अशी. मी पाय ठेवला आणि लगेच कळलं. टाच गरम होती. माझा दुसरा पाय त्यांच्या उजव्या टाचेला लागला होता, ती गार, ही गरम. मी तीनदा दाबायचं तसं दाबलं, ह्या वेळी खरंच हळू. वाकलो तेव्हा ठिपक्याभोवती रुपयाएवढं लाल वर्तुळ होतं, तकतकीत. कपाळ टेकवलं, तर माझ्या कपाळाला ऊब लागली. आणि एक वास. थोडाच. फडकं ओलं राहिलं की येतो तसा.

ते गेल्यावर मी आईला म्हणालो, “आये, त्यांच्या टाचेत काटा हाय. पिकलाय.”

“कवा बघितलास?”

“मागल्या रविवारीच.”

“मग तवाच का न्हाय बोललास?”

“तूच बोट ठेवलं हुतंस!”

आई खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. बाहेरच्या बाजूला बघून हळू आवाजात म्हणाली, “त्ये म्हणत्यात दुखणं थांबलं. थांबलं तर थांबलं. आता तू मधीच काय बोललास आन परत दुखाय लागलं, तर गाव म्हणंल पोरानं राग धरून गुण मोडला. तिसरा रविवार हू दे. मग मी सवता जाऊन सांगती सुलभाताईस्नी.”

“तवर?”

“आठ दिसानं काय हुतंय? काटाच हाय की.”

मी तिच्याशी कशावरनंही भांडतो. मीठ कमी पडलं तरी भांडतो. त्या दिवशी नाही भांडलो.

तो आठवडा मला पाठ आहे. सोमवारी सर शाळेत गेले. मंगळवारी गेले. बुधवारी स्टँडवरनं जाताना मला हात केला. गुरुवारी पोरांनी सांगितलं, सर खुर्चीत बसून शिकवतात, घाम येतो सारखा. शुक्रवारी भाईंनी विचारलं, “त्या माणसाला सांगितलंस का?” मी म्हणालो, “हो.” शनिवारी सर शाळेत आले नाहीत.

तिसऱ्या रविवारी ते काकूंच्या खांद्यावर हात टाकून आले. मला वाटलं येणारच नाहीत. पण तिसरा चुकवला तर पहिले दोन फुकट जातात, हे सगळ्या गावाला माहीत. अंगात ताप होता, ओठ पांढरे पडलेले. तरी आईला त्यांनी हातानं खूण केली, अंगठा आणि बोट जुळवून. बेस्ट. दुखत नाही.

पोत्यावर पालथे झाले. चप्पल काढायला काकूंना ओढावी लागली. घोट्यापर्यंत पाय सुजला होता आणि टाच निळी होती. वांग्यासारखी. वास आता वाकायच्या आधीच आला. काकूंनी पदर नाकाला लावला, पण बोलल्या नाहीत. आई बोलली नाही. सर बोलले नाहीत. तिघं मोठी माणसं तोंड मिटून, आणि सगळी माझ्या पायाकडं बघत होती.

मी पाय ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. माझी टाच आत गेली. चिखलात जाते तशी.

“काटा हाय!” मी ओरडलो. “काटा हाय सर तुमच्या पायात! सगळं सडलंय! डॉक्टरकडं चला, आत्ता चला!”

आईनं माझ्या थोबाडीत मारली. सवयीनं मारली असणार, कारण मारल्यावर तीच रडायला लागली. काकू “अगं बाई, अगं बाई” करत खाली बसल्या. सर कोपरावर उठले आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला नीट बघितलं असेल.

“तुला कधी दिसला?” त्यांनी विचारलं.

सगळं त्या एका प्रश्नात होतं. मी पंधरा वर्षांचा होतो. गाल चुरचुरत होता, पायाला त्यांच्या टाचेचं पाणी लागलेलं.

“आत्ताच,” मी म्हणालो. “आत्ता पाय ठेवला तेव्हा.”

आईनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं मान खाली घातली. सर उठल्यावर ती पोतं गुंडाळायला लागली. रिकामं पोतं, त्याला गुंडाळायला किती वेळ लागतो? ती किती तरी वेळ गुंडाळत होती.

मुबारकभाईंच्या टेम्पोत घालून सरांना मिरजेला नेलं. मी बरोबर होतो. वाटेत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शुगर साडेचारशे निघाली, किती वर्षं होती कुणालाच माहीत नाही. गुडघ्याखाली पाय काढला. डॉक्टर काकूंना म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर माणूस गेला असता. काकूंनी ते वाक्य गावात आणलं. डॉक्टर पुढं म्हणाले होते, पंधरा दिवस आधी आला असता तर चिमट्यानं काटा काढून घरी पाठवलं असतं. ते वाक्य काकूंनी आणलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नसेल. दारात मी उभा होतो, मी ऐकलं.

त्याला चार वर्षं झाली. सर गावाला सांगतात, दिगंबरनं मला वाचवलं. दहा माणसं गप्प बसली असती, पण या पोरानं नियम मोडला, मार खाल्ला आणि ओरडला. शाळेत सव्वीस जानेवारीला माझा सत्कार केला, नारळ दिला. मी घ्यायला स्टेजवर गेलो तेव्हा वर्गातल्या त्याच सत्तावन्न पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मला बाहेरनं दहावीला बसवलं. दोनदा बसलो, दोनदा गणितात उडालो. सर चिडत नाहीत. डोक्यावरनं एकदा तरी बोलावं म्हणून मी मुद्दाम चुकीची उत्तरं लिहून दाखवली आहेत. ते म्हणतात, “होईल रे. तुझी नजर चांगली आहे.”

पाय लावणं मी तेव्हापासून बंद केलं. आईनंही कधी सांगितलं नाही. त्या सकाळबद्दल आम्ही दोघं बोलत नाही. आई समोर आली की कधी कधी मला वाटतं ती विचारणार. मग ती विचारते, भाकरी वाढू का.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलेला पाय रोज घरच्या कुणीतरी नीट बघायचा. बोटांच्या मध्ये, टाचेला, सगळीकडं. काकूंना मोतीबिंदू आहे. सरांनी माझं नाव सांगितलं. चार वर्षं मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून जातो, त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतो आणि बघतो.

गेल्या सोमवारी ते म्हणाले, “दिगू, ही टाच आतनं जळतेय रे.”

मी बघितलं. चीर नाही, ठिपका नाही, काही नाही. पण तळहात लावला तर गरम. पेनच्या टोकानं दाबलं, तर त्यांना कळलं नाही. म्हणालो, “सर, मिरजेला जाऊ. उद्याच.”

“तुला काही दिसलं?”

“दिसलं नाही. पण गरम लागतंय.”

“मग काही नाही.” ते हसले. “मिरजेला गेलो की कापतात. आणि माझ्याकडं तू आहेस. काही असतं तर तुला दिसलं असतं. आणि तुला दिसलं की तू लगेच सांगतोस.”

मी मंगळवारी सांगितलं, बुधवारी भांडलो, काल आवाज चढवला. काकू रडल्या. सर शांत. “दिगूला दिसलेलं नाही,” एवढंच. माझ्या डोळ्यांवर त्यांचा देवासारखा विश्वास आहे.

आज सकाळी काकूंचा फोन आला. रात्रीपासनं थंडी वाजतेय, पाय घोट्यापाशी फुगलाय. तरी म्हणतात, दिगू बघेल, त्याला दिसलं की सांगेल, मग बघू.

त्यांना टेम्पोत बसवायचं तर आता एकच गोष्ट सांगायची राहिलीय. पहिला रविवार. आई स्वयंपाकघरात आहे. तिला म्हणालो, “सरांना सांगणार हाय मी. सगळं.” तिनं विचारलं नाही काय ते. पदर खोचला आणि चप्पल शोधायला लागली, म्हणजे तीही येणार.

भाईंचा टेम्पो आलाय, हॉर्न वाजवतायत. मला आता निघायला पाहिजे.